उतार नव्हता

माझी आई शाळेची बस चालवायची. सव्वीस सीटांची, पिवळी, दार उघडताना कण्हणारी. मी सातवीत होते आणि त्याच बसने त्याच शाळेत जायचे. माझी जागा ठरलेली होती, आईच्या बरोबर मागची एकटी सीट. मांडीवर हजेरीची वही असायची. कोणत्या थांब्यावर कोण चढलं, कोण नाही, त्याच्या खुणा मी करायचे. आई मला ‘कंडक्टरबाई’ म्हणायची आणि मला त्याचा भारी तोरा होता.

आई गाडी फार सुरेख चालवायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक विचारतात, मग तिला स्टिअरिंगवर बसू कसं दिलं? बसू दिलं, कारण ती उत्तम चालवायची. अरुंद गल्लीत समोरून ट्रक आला, तर ट्रकवाला घाम पुसत असायचा आणि आई एका हाताने गिअर टाकत मागच्या पोरांना सतराचा पाढा विचारत असायची. नऊ वर्षांत बसला साधा ओरखडा नव्हता.

दारू नेमकी केव्हा सुरू झाली ते मला सांगता येणार नाही. आजी गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात असावी. आधी झोप लागत नाही म्हणून रात्री थोडी. मग संध्याकाळी. मग आमच्या घरात संध्याकाळ चार वाजताच व्हायला लागली, मग दोन वाजता. बाबा छापखान्यात मशीनवर होते, ते सातला यायचे. तोवर आई पोरांना घरी सोडायची दुसरी फेरी संपवून झोपलेली असायची. बाबा विचारायचे, “झोपली का?” मी म्हणायचे, “डोकं दुखतंय तिचं.” घरात तिघंच माणसं, तिघांनाही माहीत, आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होतो.

मला माझी कामं कुणी सांगितली नव्हती, पण मी ती चोख करायचे. रिकामी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पलीकडच्या इमारतीच्या कचराकुंडीत टाकायची. कंपासपेटीत पुदिन्याच्या गोळ्या ठेवायच्या आणि बस सुटण्याआधी दोन आईच्या हातात द्यायच्या. आई कुलपात किल्ली कितव्या प्रयत्नात घालते त्यावरून दिवस कसा गेला ते ओळखायचं. एकदा मी बाबांना सांगूनही पाहिलं. ते मोरीत नखांमधली शाई ब्रशने घासत होते.

“बाबा, आई सकाळी पण पिते.”

त्यांचा हात थांबला, मग परत सुरू झाला. नख केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी ते घासत राहिले.

“दमते गं ती,” ते म्हणाले. “जा, अभ्यासाला बस.”

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते घडलं. मंगळवार होता. मी दप्तर घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर आई ओट्याकडे तोंड करून थर्मासच्या झाकणातून घोट घेत होती.

“चहा?” मी विचारलं.

“चहाच.”

झाकणातून वाफ येत नव्हती. दोन गोळ्या काढून तिच्यापुढे धरल्या. तिने त्या घेतल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला आजही नकोसा वाटतो, कारण त्यात माया होती आणि ती खरी होती.

पहिले दोन थांबे नीट गेले. तिसऱ्या थांब्यावरून वळताना तिने इंडिकेटरऐवजी वायपर सुरू केला. कोरड्या काचेवर तो करकरला तशी मागची पोरं हसली, आईही हसली. “काच पुसून घेतली रे, तुम्हाला शाळा स्पष्ट दिसावी म्हणून!” मी हसले नाही. मी आरशात तिचे डोळे बघत होते. ते रस्त्यावर होते, पण रस्ता बघत नव्हते.

पाचव्या थांब्यावर मुंगी चढायची. पहिलीतली, बसमधली सगळ्यांत लहान पोर. दप्तर तिच्यापेक्षा मोठं, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. ती सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर उभी असायची. त्या दिवशीही होती. हात वर केलेला मी खिडकीतून पाहिला, आणि मग तो हात मागे गेला. बस थांबलीच नाही.

“आई, मुंगी राहिली!”

आईने करकचून ब्रेक मारला. सगळी पोरं पुढच्या सीटांवर आपटली, पाण्याच्या बाटल्या गडगडत पुढे आल्या. कुणीतरी रडायला लागलं. आईने रिव्हर्स टाकला. मागे जाताना वाजणारा भोंगा महिनाभर बंद होता. ती ना या आरशात बघत होती, ना त्या. समोर स्टिअरिंगकडे बघत ती बस मागे घेत होती.

मी मागच्या काचेकडे पाहिलं. मुंगी दप्तर सावरत बसच्या दिशेने धावत येत होती. अगदी सरळ मागून. मग तिचं डोकं काचेच्या खालच्या कडेखाली गेलं आणि ती दिसेनाशी झाली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शब्द नसावाच तो. बस थांबली.

दार उघडून मी खाली उडी मारली आणि मागे धावले. मुंगी रस्त्यावर बसली होती. मागचा बंपर तिच्यापासून माझ्या हाताएवढा लांब. एक बूट निघाला होता, डबा चाकाजवळ पडला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “ताई, मला उशीर झाला का?”

मी तिला उचललं. तिला सायकलवाल्या काकांच्या बाकड्यावर बसवलं, पायात बूट घातला आणि बसकडे परत गेले. दाराकडे नाही गेले, वळसा घालून समोर गेले आणि बसच्या पुढ्यात उभी राहिले.

आधी ठरवलं होतं असं नाही. पाय तिकडे गेले, एवढंच.

आईने खिडकीतून डोकं काढलं. “काय करतेस? चढ वर, उशीर होतोय.”

“नाही.”

“मुंगीला घे आणि चढ म्हटलं ना.”

“गाडी बंद कर.”

“रस्त्यात तमाशा करू नकोस हं.” आवाज खालचा होता, पण त्याला धार होती. “घरी गेल्यावर बघते तुला.”

“तू प्यायलीयेस,” मी म्हटलं.

तो शब्द आमच्या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. मी तो भर रस्त्यात, वीस पोरांसमोर, सायकलवाल्यासमोर, दुधाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हटला. बसमधलं रडं थांबलं. काचेला नाकं चिकटली.

आईने डोकं आत घेतलं. काचेतून तिचा चेहरा दिसत होता, त्यावर काहीच नव्हतं. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“बाजूला हो,” ती म्हणाली. ते मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

मी हलले नाही. आणि बस पुढे आली.

जोरात नव्हे, चालत येणाऱ्या माणसासारखी आली. पुढची जाळी माझ्या छातीला लागली. ती गरम होती. माझे बूट मागे घसरायला लागले. मी दोन्ही तळवे जाळीवर टेकले आणि तिच्याकडे बघत राहिले. एक पाऊल. दोन पावलं. मग सायकलवाले काका धावत आले, ड्रायव्हरच्या बाजूचं दार ओढून त्यांनी आत हात घातला आणि किल्ली काढून घेतली. बस एक गचका देऊन थांबली. किल्लीवर त्यांच्या बोटांचं ग्रीस लागलेलं मला अजून दिसतं.

“इथे जरासा उतार आहे,” काका नंतर शाळेच्या मोठ्या बाईंना म्हणाले. “गाडी घरंगळली. ताईंचा पाय सुटला असेल ब्रेकवरून.” बाबांनी पोलिसांना तेच सांगितलं. मला विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. उतार आहे तिथे.

आईचं लायसन्स गेलं, नोकरी गेली. मुंगीच्या वडिलांनी तिला दुसऱ्या शाळेत घातलं. मामा आला आणि मला समोर उभं करून म्हणाला, “पोटच्या पोरीने आईची अब्रू अशी चव्हाट्यावर आणायची? बाबांना सांगायचं होतंस.” मी बाबांकडे पाहिलं. बाबा चपलेचा बंद लावत होते. त्या चपलेला बंद लावायला पाच मिनिटं लागली.

आई माझ्याशी पाच दिवस बोलली नाही. सहाव्या दिवशी माझ्यापुढे ताट ठेवताना एकच शब्द म्हणाली, “खूश?”

मग ती व्यसनमुक्ती केंद्रात गेली. बाबांनी पाठवली, मोठ्या बाईंनी ओळखीने जागा मिळवून दिली. तीस दिवसांनी परत आली तेव्हा गाल भरले होते. तिने घर धुऊन काढलं, पडदे बदलले, माझ्या वह्यांना कव्हरं घातली. घर छान चाललं होतं आणि घरात कुणालाच धड श्वास घेता येत नव्हता. आईने कप खाली ठेवला की बाबा तो उचलून मोरीत नेताना वास घ्यायचे. पाठमोरे होऊन घ्यायचे, पण त्यांची मान झुकायची ती दिसायचीच. आईलाही दिसायची. ती मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची. बाथरूममध्ये जास्त वेळ गेला की बाबा बाहेरून विचारायचे, “टॉवेल हवाय का?” टॉवेल आतच असायचा.

दोन महिने असे गेले. मग एका रविवारी दुपारी फ्लशला पाणी कमी येतंय असं माझ्या लक्षात आलं. मी टाकीचं झाकण उचललं. आत बाटली उभी होती, पाऊण भरलेली.

मी ती बाहेर काढली आणि तशीच फरशीवर बसले. कपडे भिजले, तरी उठवेना.

“एवढा वेळ काय करतेस आत?” दाराबाहेरून आई म्हणाली.

तिची सावली दाराखालच्या फटीत थांबली.

“बाळा,” ती म्हणाली. आवाज बदलला होता. तिला कळलं होतं. “ओतू नकोस.”

मी कडी काढली. बाटलीवरचं टाकीतलं पाणी माझ्या मनगटावर ओघळत होतं. आई बाजूला झाली नाही, हातही पुढे केला नाही. फक्त बाटलीकडे बघत होती. कुणी माझ्याकडे तसं कधी बघितलेलं नाही, आणि बघू नये. बाबा बाहेर गेले होते. मी बाहेरच्या खोलीत गेले आणि बाटली टेबलावर ठेवली.

“घे,” मी म्हटलं. “मी आता आडवी येणार नाही. दमले मी.”

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा स्वतः ओतून देईल. तसं काही झालं नाही. ती खुर्चीवर बसली आणि प्यायली. माझ्यासमोर, पहिल्यांदाच. लपवायची गरज उरली नाही म्हणून की काय, तिला ती नीट गिळताही येत नव्हती. मी समोर बसून राहिले. बाबा आले, दारातच थांबले, आणि पहिल्यांदा त्यांनी “झोपली का?” असं विचारलं नाही. ते आले आणि तिसऱ्या खुर्चीवर बसले.

सकाळी आईने स्वतःची बॅग भरली. हात इतके कापत होते की चेन लागेना. बाबा मदतीला गेले तर म्हणाली, “मला लावू द्या.” लागली शेवटी. दारात उभी राहून म्हणाली, “या वेळी तीस दिवस नाही. मी म्हणेन तेवढे दिवस.”

ती चार महिने राहिली. सातव्या आठवड्यात केंद्रातून घरच्यांना बोलावणं आलं. एका लांबट खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. समुपदेशक बाई ठेंगण्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी आम्हाला सांगितलं, “आज त्या बोलतील. तुम्ही फक्त ऐकायचं. मध्ये सावरून घ्यायचं नाही.” हे त्यांनी बाबांकडे बघत सांगितलं.

आईच्या हातात घडी घातलेला कागद होता. तिने तो उघडला आणि परत मिटला.

“त्या दिवशी तू बसच्या पुढे उभी राहिलीस,” ती मला म्हणाली. “मी सहा महिने तुझा राग राग केला. ते तुला माहीतच आहे. जे माहीत नाही ते सांगते. माझा पाय ब्रेकवरून सुटला नव्हता. मी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.”

तिने कागदाला आणखी एक घडी घातली.

“मला वाटलं, तू होशील बाजूला. आणि नाही झालीस तरी…” ती थांबली. बाईंनी तिला थांबू दिलं. “नाही झालीस तरी त्या घटकेला मला काही वाटत नव्हतं. थर्मासमध्ये अजून होती आणि तू मधे उभी होतीस. एवढंच डोक्यात होतं.”

“अगं, काय बोलतेस!” बाबा उठलेच. “तिथे उतार होता. सगळ्यांनी सांगितलंय, उतार होता.”

“उतार नव्हता,” आई म्हणाली. “त्या रस्त्यावर मी नऊ वर्षं गाडी चालवलीये.”

मी खोलीतून बाहेर पडले. जिन्यात बसले. थोड्या वेळाने बाबा येऊन एक पायरी खाली बसले. बराच वेळ त्यांनी स्वतःच्या नखांकडे पाहिलं.

“मी दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन आलो होतो,” ते म्हणाले. “पाण्याची बाटली रस्त्यावर आडवी ठेवून पाहिली. हलली नाही.”

“मग सांगितलं का नाही?”

“कुणाला सांगू? तुला?” त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. “तुला कसं सांगायचं असतं असलं काही?”

मी त्यांच्यावर ओरडले. जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. तीन आठवडे आधी मी सांगितलं होतं तुम्हाला, मी म्हणाले. तुम्ही नखं घासत बसलात. मुंगी तिथे मेली असती, मी मेले असते, आणि तुम्ही अजून उतार उतार करताय. ते सगळं ऐकत बसले. एकदाही “दमलीयेस” म्हणाले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाले, “खरं आहे.”

खरं तर आणखी एक गोष्ट होती, ती मी बाबांना सांगितली नाही. आत जाऊन आईलाच सांगितली. गाडी उतारावर घरंगळते तेव्हा इंजिनचा आवाज बदलत नाही. त्या दिवशी तो बदलला होता. माझ्या तळव्यांना तो जाळीतून कळला होता. लहानपणापासून मी त्या इंजिनाच्या मागे बसत आले होते. मला सगळं माहीत होतं.

“मग तू बाजूला का नाही झालीस?” आईने विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं. तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही.

त्यानंतर सगळं गोड झालं, असं मात्र नाही. आई घरी आली ती राहिली, परत प्यायली नाही. पण पुढची दोन-तीन वर्षं मी तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. ती खोलीत आली की मी पुस्तक उघडायचे. तिने कधी जवळ ओढायचा प्रयत्न केला नाही, माफी मागून भंडावलं नाही. एका रुग्णालयाच्या धुलाईघरात तिला काम मिळालं. दिवसभर वाफेत चादरी दाबायच्या. आठवड्यातून दोनदा केंद्राच्या बैठकीला जायची आणि येताना बाबांसाठी ब्लेड, माझ्यासाठी पेनाच्या रिफिली आणायची. बाबांना सगळ्यांत जड गेलं. इतकी वर्षं पहारा दिलेल्या माणसाला पहारा उठल्यावर करायला कामच राहिलं नाही. कपांचा वास घेणं त्यांनी पुढे तीन वर्षांनी सोडलं, तेही आई एकदा हसून म्हणाली म्हणून : “साखर कमी आहे का हो?”

आता मी एक्स-रे काढते. वेगळी राहते, दोन रस्ते पलीकडे. गेल्या वर्षी एका गुरुवारी दुपारी मी कामावर असताना आईचा फोन आला. कामाच्या वेळेत ती कधी फोन करत नाही.

“कामात आहेस?”

“हो. का गं?”

पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते. “मी दुकानासमोर उभी आहे,” ती म्हणाली.

कुठल्या दुकानासमोर, ते विचारावं लागलं नाही. माझ्या हातात एका आजोबांच्या गुडघ्याची फिल्म होती. ती मी हळूच खाली ठेवली.

“आत गेलीस?”

“अजून नाही.”

“काय झालं?”

“काही झालं नाही. काहीच झालं नाही गं. भाजी घ्यायला निघाले होते. अकरा वर्षं झाली आणि आज पाय थांबले.”

“तिथेच थांब. बोलत राहा.”

“बोलायला काही नाहीये माझ्याकडे.”

“मग माझं ऐक.” आणि मी सोबत काम करणाऱ्या मुलीला खूण करून, अंगातला ॲप्रन तसाच ठेवून, जिना उतरत, गाडी काढत, सिग्नलला थांबत तिला त्या आजोबांच्या गुडघ्याबद्दल सांगत राहिले. कुठे झीज झालीये, किती, ते हट्टाने काठी कशी घेत नाहीत. मध्ये दोनदा ती इतकी गप्प झाली की मला वाटलं, गेली आत. मी “आई?” म्हणायचे आणि बऱ्याच वेळाने “हं” यायचं.

ती दुकानाच्या समोरच्या फुटपाथवर, उन्हात उभी होती. कोथिंबिरीची जुडी पिशवीतून बाहेर आलेली. मी दार उघडलं, ती आत बसली. मी गाडी सुरू करायला गेले तर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“लगेच नको. आत्ता निघाले तर घरून परत येईन. इथेच संपू दे.”

मग आम्ही तिथेच बसलो. दुकानात माणसं जात होती, येत होती. आई त्यांच्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. तिच्या कपाळावर घाम होता, गुडघा हलत होता. पाऊण तासाने गुडघा थांबला.

“बाबांना सांगू नकोस,” ती म्हणाली.

“मी सांगणार.”

तिने खिडकीबाहेर पाहिलं. “बरं, मग मीच सांगते.”

संध्याकाळी बाबा आले तेव्हा तिने सांगितलं. उभ्याउभ्याच, ओट्याशी, सगळं. दुकान, ऊन, फोन. बाबांनी ऐकून घेतलं. सावरून घेतलं नाही, कप उचलला नाही.

“मग आता कसं वाटतंय?” त्यांनी विचारलं.

“पाय दुखतायत,” आई म्हणाली. “अर्धा तास उभी होते ना.”

बाबांनी खुर्ची ओढून तिच्याकडे सरकवली.